ऐपतीतलं प्रायश्चित्त

चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात या पाच वस्तूंना गृहस्थाचे पाच कत्तलखाने म्हटलं आहे. संसार मांडला की चूल पेटणार, दळण होणार, घर झाडलं जाणार, आणि त्यात मुंग्या-किडे आणि डोळ्यांना न दिसणारे जीव मरणार. मारण्याचा हेतू कुणाचाच नसतो, पण मरण खरं असतं. यावर धर्मशास्त्राने काढलेला मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. त्याने चूल विझवायला सांगितलं नाही आणि हेतू नव्हता म्हणून हिशेब मिटवलाही नाही. रोज करायचे पाच यज्ञ त्याने सांगितले, आणि ते गरिबाघरीही जमावेत असे: थोडं अध्ययन-अध्यापन, पितरांना पाणी, अग्नीत आहुती, प्राणिमात्रांसाठी घास, दारी आलेल्याला अन्न. जगणंही मान्य, त्यातून होणारा अपायही मान्य, आणि दोहोंच्या मध्ये परतफेडीची एक रोजची, परवडणारी रीत.

आजच्या गृहस्थाच्या यादीत सहावी वस्तू आली आहे, ती म्हणजे दारातली मोटार. जिच्याशिवाय पोट चालत नाही अशा मोटारीच्या धुराचं देणं कसं फेडायचं, हा प्रश्न मी कॅलिफोर्नियातला घेतो, कारण तिथे तो उपदेशापुरता उरत नाही. बहुतेक जुन्या गाड्यांच्या मालकांपुढे दर दोन वर्षांनी तपासणीच्या कागदावर छापून येतो. पंधरा-सोळा वर्षांची एखादी टोयोटा किंवा होंडा, विकायला काढली तर तीन-चार हजार डॉलर यावेत अशी. तिच्या डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि गाडीतला संगणक ‘पी 0420’ हा संकेत दाखवतो: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाही. कंपनीचाच भाग बसवायचा तर अनेक गाड्यांना हजार-दोन हजार डॉलर, कधी त्याहून जास्त. सीमेपलीकडे अ‍ॅरिझोनात दोन-तीनशे डॉलरला मिळणारा कन्व्हर्टरचा डबा इथे बसवणं बेकायदा. मोडक्या गाडीवरचा जुना डबा काढून बसवणंही बेकायदा. आणि तपासणीत पास झाल्याशिवाय गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण नाही. फ्रीमाँट-सनीवेलच्या मराठी घरांतली दुसरी, जुनी गाडीही यातून सुटत नाही. पण खरा पेच आहे तो शेतमजूर, सफाई कामगार, दोन ठिकाणी पाळ्या करणारा स्वयंपाकी यांचा. माझं म्हणणं असं की देणं त्या माणसाचंच आहे. ते कितीही लहान दिसलं तरी सुटत नाही. पण देणं ठरवणाऱ्यावर तितकंच मोठं बंधन आहे, ते म्हणजे फेडीची वाट ऐपतीच्या आत ठेवण्याचं. ती वाट न ठेवता नुसता दंड ठेवणारा नियम, त्याचा हेतू कितीही पवित्र असला तरी, अर्धाच नियम आहे.

आधी तो डबा नेमकं करतो काय ते पाहू, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. गाडीच्या पोटाखाली, सायलेन्सरच्या अलीकडे, स्टीलच्या कवचात सिरॅमिकची एक वीट असते. तिला आरपार बारीक भोकं असतात, एका चौरस इंचात साधारण चारशे. त्या भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा अतिशय पातळ लेप असतो. इंजिनातून येणारा धूर त्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या इंधनाचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून साधा नायट्रोजन सुटा होतो. धातू स्वतः खर्च होत नाहीत. ते फक्त क्रिया घडवून आणतात. चांगल्या स्थितीतला, नीट तापलेला कन्व्हर्टर या तीन विषांपैकी नव्वद-पंचाण्णव टक्के आणि त्याहूनही जास्त भाग मारतो. कार्बन डायऑक्साइडला तो हात लावत नाही, ही गोष्ट निराळी; तापमानवाढीचा हिशेब इथे मिटत नाही.

हा डबा सक्तीचा झाला त्यामागे कुणाची लहर नव्हती. लॉस एंजेलिसच्या आकाशात 1940च्या दशकात डोळे झोंबवणारं तपकिरी धुकं साचू लागलं. गाड्यांच्या धुरातली हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकमेकांशी भिडतात आणि ओझोन तयार होतो, हे कॅलटेकमधल्या आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने 1950च्या सुमाराला दाखवून दिलं. 1967 साली राज्याचं हवा संसाधन मंडळ स्थापन झालं आणि तेच त्याचे पहिले अध्यक्ष झाले. 1975च्या मॉडेलांपासून अमेरिकी गाड्यांत कन्व्हर्टर आले, 1984 पासून कॅलिफोर्नियात नियमित तपासणी सुरू झाली. आणि फळ काय मिळालं? दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगवेगळ्या काळातल्या मुलांची फुफ्फुसं तपासत नेली आणि 2015 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. फुफ्फुसांची क्षमता धोक्याच्या रेषेखाली असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलांचं प्रमाण 1990च्या दशकातल्या गटात 7.9 टक्के होतं, ते शेवटच्या गटात 3.6 टक्क्यांवर आलं. हवा सुधारली तशी छाती सुधारली. श्रेय एकट्या कन्व्हर्टरचं नाही, पण हा नियम म्हणजे सरकारी जाच आहे असं म्हणणाऱ्याने आधी या दोन आकड्यांना उत्तर द्यावं.

आता पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप: लाखो गाड्यांत माझी एक, तिच्या धुराने कुणाचा दमा वाढला ते दाखवा. दाखवता येत नाही, हे खरं. ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या 1984 सालच्या ग्रंथात नेमक्या याच पळवाटेची झडती घेतली आहे. त्यांनी कल्पिलेले हजार छळकर्ते आहेत. प्रत्येक जण हजार कैद्यांच्या वेदनेत इतकी सूक्ष्म भर टाकतो की ती एकाही कैद्याला जाणवू नये. सगळ्यांची भर मिळून कैदी तडफडतात, आणि प्रत्येक छळकर्ता म्हणतो, मी तर कुणालाच दुखवलं नाही. पार्फिट यांचं म्हणणं असं की प्रश्न विचारण्यातच चूक आहे; ‘माझ्या एकट्याच्या कृतीने काय झालं’ एवढं विचारून भागत नाही, ‘मी ज्या समूहाचा भाग आहे त्याने मिळून काय केलं’ हेही विचारावं लागतं. हे मला पटतं. पण कन्व्हर्टरच्या बाबतीत तत्त्वज्ञानाची एवढी लांबची मदत घेण्याचीही गरज नाही, कारण इथे माझा वाटा सूक्ष्म नाहीच. सोपा हिशेब करा. इंजिनातून शंभर भाग विष निघतं, चांगला डबा पंचाण्णव मारतो, पाच बाहेर पडतात. डबा पूर्ण मेला की शंभर बाहेर पडतात. म्हणजे ती एक गाडी वीस गाड्यांएवढी झाली. डेन्व्हर विद्यापीठातल्या डोनाल्ड स्टेडमन यांनी रस्त्याकडेला किरणयंत्र लावून धावत्या गाड्यांचा धूर मोजला, तेव्हाही हेच दिसलं: साधारण दहा टक्के गाड्या निम्मा कार्बन मोनॉक्साइड ओकत होत्या. ‘समुद्रात एक थेंब’ ही सबब ज्याची गाडी चांगली आहे त्याला थोडीफार शोभेल. जिचा दिवा लागला आहे त्या गाडीच्या मालकाला ती मुळीच शोभत नाही.

दिवा लागणं, म्हणजे कळणं, ही इथली कळीची गोष्ट आहे. जैन आचारशास्त्राने गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार केले: ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात होणारी आरंभी, धंद्यात होणारी उद्योगी आणि स्वसंरक्षणात होणारी विरोधी. श्रावकाने पूर्ण सोडायची ती संकल्पी. बाकीच्या जमेल तितक्या कमी करायच्या. ज्या परंपरेने वाऱ्यालाच काया असलेला जीव मानला, वायुकायिक जीवांचीही क्षमा मागायला लावली, तिला गृहस्थाला श्वासही घेता येणार नाही इतकी कठोर आचारसंहिता लिहिता आली असती. तसं तिने केलं नाही. तिने रेघ ओढली ती माहिती आणि संकल्प यांच्याजवळ. ही रेघ मोटारीला लावून बघा. कन्व्हर्टर हळूहळू थकत गेला आणि मालकाला पत्ता नाही, तोवरचा धूर उद्योगी हिंसेत बसतो. दिवा लागला, पैसे नाहीत, महिनाभर जुळवाजुळव चालली आहे, तोवरही मी त्याला फार दोष देणार नाही. पण याच वेळी काही गॅरेजांत दुसरी एक युक्ती मिळते. कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे ऑक्सिजनचे दोन सेन्सर असतात. डबा चांगला असेल तर पुढच्याचा संकेत सतत वर-खाली होतो आणि मागच्याचा जवळपास स्थिर राहतो. मागचा पुढच्याची नक्कल करायला लागला की संगणक ओळखतो, डबा मेला. युक्ती अशी की मागचा सेन्सर एका पोकळ नळीवर बसवून धुराच्या मुख्य प्रवाहापासून इंचभर दूर उचलायचा. त्याला कमी धूर लागतो, त्याचा संकेत शांत होतो, दिवा विझतो. विष तेवढंच बाहेर पडतं, खर्च मात्र दहा-वीस डॉलर. त्या इंचभर नळीपाशी हिंसेचा प्रकार बदलतो. आता अपाय माहीत आहे, त्याची साक्ष देणारा माहीत आहे आणि त्याचं तोंड बंद केलं आहे. गरिबी हे पैसे नसण्याचं कारण होऊ शकतं. साक्षीदार फोडण्याचं नाही.

पुण्या-नागपुरातलं एक दृश्य या संदर्भात बोलकं आहे. बुलेटचे काढून टाकलेले मूळ सायलेन्सर आणि त्यांच्या जागी बसवलेले फटाके फोडणारे सायलेन्सर. पोलीस मधूनमधून असे शेकडो सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. कारवाई आवाजाबद्दल असते. पण अलीकडच्या अनेक दुचाक्यांत कन्व्हर्टर त्या मूळ सायलेन्सरच्या पोटातच असतो, त्यामुळे आवाजाच्या हौसेपायी हवेचं राखणही गेलेलं असतं. इथे ना पोटाचा प्रश्न ना ऐपतीचा, उलट जास्तीचे पैसे मोजून केलेला अपाय. जैन परिभाषेत याला अनर्थदंड म्हणता येईल, विनाकारण केलेलं पाप. कॅलिफोर्नियातल्या सफाई कामगाराला आणि या बुलेटवाल्याला एकाच मापाने मोजणारा नियम आंधळाच म्हणावा लागेल.

मग स्वस्तातली वाट कोणती? इथे एक व्यावहारिक गोष्ट सांगायला हवी, कारण तिचा तत्त्वाशी जवळचा संबंध आहे. कन्व्हर्टर बहुधा आपण होऊन मरत नाही, त्याला कुणीतरी मारतं. इंजिन ऑइल जाळत असेल तर ऑइलमधला फॉस्फरस लेपावर थर धरतो. एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल तर कच्चं पेट्रोल डब्यात जाऊन जळतं आणि सिरॅमिकची वीट वितळते. कधी डबा ठणठणीत असतो आणि दोष असतो थकलेल्या सेन्सरचा किंवा नळीच्या सांध्यातून गळणाऱ्या धुराचा. म्हणून जाणता मेकॅनिक ‘पी 0420’ दिसल्याबरोबर डबा बदलत नाही. आधी इंजिन बघतो. दीड हजार डॉलरचा नवा डबा बसवला आणि ऑइल जळतच राहिलं, तर दोन-तीन वर्षांत तोही गेला. प्रायश्चित्तविचारात पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय यांना जे स्थान आहे ते याच कारणाने. मूळ दोष चालू ठेवून केलेलं प्रायश्चित्त म्हणजे नुसता खर्च. विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली दिलेल्या आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या गीता-प्रवचनांत यज्ञाचा अर्थ सृष्टीची आपल्या वापराने झालेली झीज भरून काढणं आणि तिचं शुद्धीकरण करणं असा लावला आहे. तो अर्थ घेतला तर स्पार्कप्लग वेळेवर बदलणं हाही यज्ञच, आणि तो दहा-पंधरा डॉलरचा.

काटकसर म्हणजे मात्र कमअस्सल वस्तू नव्हे. सीमेपलीकडचा दोन-तीनशे डॉलरचा डबा ही तीच वस्तू स्वस्तात मिळते असा प्रकार नाही. बाजारातल्या बदली कन्व्हर्टरांसाठी 1986 साली संघीय पातळीवर ठरलेली किमान अट अशी: 25,000 मैलांपर्यंत हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड 70 टक्के आणि नायट्रोजनची ऑक्साइडं 30 टक्के कमी झाली की पुरे. पुन्हा तोच हिशेब करा: नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे शंभरातले सत्तर भाग सरळ बाहेर. कॅलिफोर्नियाने 2009 पासून बदली डब्यांना स्वतःची कडक चाचणी लावली आणि 5 वर्षं किंवा 50,000 मैलांची हमी सक्तीची केली. मंजूर डब्याच्या कवचावर ‘डी’ अक्षराने सुरू होणारा आदेश-क्रमांक आणि धूर कुठल्या दिशेने जायचा त्याचा बाण कोरलेला असतो, आणि तो क्रमांक त्या गाडीच्या मॉडेलला, वर्षाला, बॉनेटखालच्या लेबलावरच्या इंजिनगटाला जुळावा लागतो. तपासनीस गाडीखाली वाकून बॅटरीच्या उजेडात तो क्रमांक वाचतो. असा मंजूर बदली डबा बहुधा कंपनीच्या डब्यापेक्षा बराच स्वस्त असतो; पण प्रत्येक गाडीसाठी तो मिळेलच असं नाही. नियमाची नैतिक बाजू मी मान्य केली ती इथवर.

आता उलट्या बाजूने. प्रायश्चित्त ठरवताना देश, काल, वय, शक्ती आणि पाप हे सगळं नीट पाहून ठरवावं, असं याज्ञवल्क्यस्मृती सांगते. पापाच्या जोडीला शक्तीही तराजूत घातली आहे, हे महत्त्वाचं. जो उपास झेपणार नाही तो सांगणारा धर्माधिकारी धर्म सांगत नव्हता, सूड घेत होता. (याच स्मृतींनी प्रायश्चित्ताचं माप मारणाऱ्याच्या आणि मेलेल्याच्या जातीवरूनही ठरवलं, शूद्राच्या हत्येला ब्राह्मणहत्येच्या सोळाव्या हिश्श्याचं प्रायश्चित्त लावलं. महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृती जाळली गेली ती उगीच नव्हे. मी घेतो आहे तो शक्ती पाहण्याचा विचार. ते वजनकाटे नव्हेत.) या कसोटीला कॅलिफोर्निया अगदीच नापास होत नाही. कमी उत्पन्नाच्या मालकाची गाडी तपासणीत नापास झाली तर दुरुस्तीचा हजार-दीड हजार डॉलरपर्यंतचा भार राज्य उचलतं, थोडा वाटा मालकाला द्यावा लागतो. गाडी भंगारात काढायची असेल तर त्यासाठीही पैसे मिळतात, गरिबाला जास्त. परवानाधारक केंद्रात किमान 650 डॉलर खर्च करूनही गाडी पास झाली नाही तर एका खेपेपुरती सूट मिळू शकते. मंजूर भाग बाजारातच नसेल तर ‘रेफरी’ नावाच्या सरकारी पंचाकडे दाद मागता येते. धर्मशास्त्रात अशा पर्यायाला प्रत्याम्नाय म्हणत: कृच्छ्र हे कठोर उपासाचं व्रत झेपत नसेल तर गाय द्या, गाय नसेल तर तिची किंमत द्या. प्रत्याम्नायाची वाट पुढे किती घसरडी झाली, पैसेवाल्यांनी उपासाऐवजी नाणी टाकून कसं पाप धुतलं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण वाट असणं आणि तिचा गैरवापर होणं या दोन वेगळ्या गोष्टी.

माझी तक्रार वेगळीकडे आहे. ही मदत मिळते ती अर्ज करणाऱ्याला, इंग्रजी-स्पॅनिश फॉर्म भरणाऱ्याला, गाडीची नोंदणी चालू ठेवलेल्याला, मंजुरी येईपर्यंत गाडीविना थांबू शकणाऱ्याला. ज्याची नोंदणी आधीच लटकली आहे, जो कामावर जाण्यापुरती रोज धास्तीत गाडी काढतो, त्याच्यापर्यंत ती सगळ्यात कमी पोचते. त्याहून मुळातलं म्हणजे देणं सगळं शेवटच्या मालकाच्या गळ्यात पडतं. गाडी घडवणाऱ्याला संघीय कायद्याने कन्व्हर्टरची हमी 8 वर्षं किंवा 80,000 मैलांपुरतीच द्यावी लागते. पहिले दोन-तीन मालक त्या हमीच्या सावलीत सुखाने धूर सोडतात, कॅलिफोर्नियात तर पहिली आठ वर्षं बहुतेक गाड्यांना तपासणीही नसते, त्याऐवजी लहानसं शुल्क. हमी संपते नेमकी तेव्हा गाडी गरिबाच्या हातात येते आणि इतक्या वर्षांच्या वापराचं बिल त्याच्या एकट्याच्या नावाने निघतं. काही अतिस्वच्छ वर्गातल्या गाड्यांना कॅलिफोर्नियाने 15 वर्षं किंवा 1,50,000 मैलांची हमी लावली होती. म्हणजे ते अशक्य नाही. माझ्या मते न्याय्य रचना तीच: हमीची किंमत गाडी नवी असतानाच, ती नवी घेण्याची ऐपत असलेल्याकडून घेतलेली. यावर कुणी म्हणेल की मदत दिली तर निष्काळजी माणसाचं फावेल, ज्याने वेळच्या वेळी ऑइल बदललं त्याने इतरांचा भार का वाहावा? आक्षेप खोटा नाही, पण तो एक गोष्ट विसरतो. त्या पैशातून मुख्यतः विकत घेतली जाते ती मालकाची सोय नव्हे, हमरस्त्याकडेला राहणाऱ्यांची हवा. आणि लाँग बीचहून निघणाऱ्या 710 क्रमांकाच्या हमरस्त्याकडेला कोण राहतं? बहुतांशी हेच, जुन्या गाड्या चालवणारे, कमी पगाराचे लोक. त्यामुळे गरिबाला नियमातून सरसकट सूट द्या ही मागणी, वरवर दयाळू दिसली तरी, गरिबाच्या पोरांच्या छातीतून वसूल होते.

या बाबतीत आपल्याकडचा अनुभव शिकवण्यासारखा आहे, उलट्या अर्थाने. दिल्लीत दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल वाहन रस्त्यावर नको, हा हरित लवादाचा आदेश. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली तो उचलून धरला. म्हणजे गाडीचा न्याय जन्मसालावरून. नीट राखलेली सोळा वर्षांची गाडी बाद आणि डबा उपटलेली सहा वर्षांची चालू. जन्मावरून पारखण्याचा दोष काय असतो हे निदान महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागू नये. पुढे 2025 साली न्यायालयाने त्या कारवाईला तात्पुरता आवर घातला. कॅलिफोर्निया गाडीला तिच्या आचरणावरून पारखते, तिथल्या रचनेतली मला सर्वांत पटणारी बाजू हीच. 1975 आणि त्याआधीच्या गाड्यांना मात्र तिथेही तपासणी माफ, तो कुळाचा मान म्हणायचा. आचरण पारखायचं तर पारखणारं यंत्र मात्र पुरेसं डोळस हवं. आपली पेट्रोल गाडीची पीयूसी ही धुराची चाचणी गाडी जागेवर उभी ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडे ती बघतच नाही. प्रमाणपत्र निघतं, देणं तसंच राहतं.

‘मोठे मासे सुटतात, आमच्यावरच का?’ हा आक्षेप फोक्सवॅगनने 2015 साली आयता हाती दिला. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख डिझेल गाड्यांत निघालं. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या चाचण्यांनंतर भारतातही तीन लाखांवर गाड्या परत बोलावाव्या लागल्या. सेन्सर उचलणाऱ्या नळीचंच हे कारखान्यातलं रूप. त्याने लहान माणसाचं पाप धुतलं जात नाही. पण शिक्षेचं प्रमाण ठरवताना आधी कुणाच्या दारात जायचं ते मात्र कळतं.

राहतो तो सर्वांत अवघड आक्षेप, आणि तो मी पूर्ण खोडू शकत नाही. जगातलं बहुतांश प्लॅटिनम आणि त्याहूनही मोठ्या प्रमाणात ऱ्होडियम दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून येतं. रुस्टेनबर्गजवळच्या मारिकाना इथे पगारवाढीसाठी संपावर गेलेल्या 34 खाणकामगारांना पोलिसांनी 16 ऑगस्ट 2012 रोजी गोळ्या घातल्या; ती खाण प्लॅटिनमची होती. लॉस एंजेलिसचं आकाश निवळतं त्यात तिथल्या जमिनीखालचं काम मिसळलेलं आहे. मग ही शुद्धी म्हणायची की धुराची केवळ बदली? मला वाटतं, याने कन्व्हर्टरचं देणं रद्द होत नाही, देण्यांच्या यादीत आणखी एक ओळ वाढते. पंचमहायज्ञ करणाऱ्यालाही ते रोज करावे लागत. एकदा केले आणि चूल कायमची निर्दोष झाली, असं कुणी मानलं नव्हतं. शिवाय ही ओळ काही अंशी फेडता येते, कारण मेलेल्या डब्यातला धातू मरत नाही. तो वितळवून पुन्हा काढता येतो आणि तेवढा खाणीतून कमी काढावा लागतो. त्याच धातूपायी 2021 साली ऱ्होडियमचा भाव औंसाला जवळजवळ तीस हजार डॉलरपर्यंत चढला तेव्हा प्रियस गाड्यांखालून कन्व्हर्टर कापून नेण्याचा सुळसुळाट झाला, आणि 2022 साली कॅलिफोर्नियाला जुन्या डब्यांच्या खरेदीवर कागदपत्रांची सक्ती आणावी लागली. एवढी किंमत असलेला जुना डबा दुरुस्तीच्या वेळी बहुधा गॅरेजमध्येच राहतो, आणि गिऱ्हाईक तो आपला आहे हे विसरून निघून जातं. नव्या डब्याच्या बिलात जुन्याच्या धातूची किंमत वळती करून दाखवणं कायद्याने सक्तीचं करायला काही हरकत नाही. सफाई कामगाराच्या दृष्टीने ते पैसे कमी नाहीत, आणि राज्याच्या तिजोरीतून त्यासाठी एक सेंटही काढावा लागत नाही.